अंतराळयुद्धाची रसद आणि मराठी वाचक

घाटकोपर पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गालगत नौदलाची मटेरियल ऑर्गनायझेशन आहे. युद्धनौकांना लागणारे सुटे भाग आणि साहित्य मागवायचे, साठवायचे आणि वेळेवर पुरवायचे, हे तिचे काम. तिथून दक्षिणेला काही किलोमीटरवर, शीव-चुनाभट्टीच्या वि. ना. पुरव मार्गावर, मराठी विज्ञान परिषदेचे विज्ञान भवन आहे. १९६६ साली स्थापन झालेली ही परिषद १९७०पासून विज्ञानकथांची स्पर्धा घेत आली आहे. उत्तरेला विक्रोळी, तिथल्या गोदरेजच्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांसाठी विकास इंजिने तयार झाली. आरमार, विज्ञानकथा आणि अग्निबाण अशा तिन्ही गोष्टी मुंबईच्या एकाच पट्ट्यात नांदतात. पण मराठी पुस्तकांच्या कपाटात त्यांची गाठ पडलेली नाही. ताऱ्यांमधल्या आरमाराची, पदोपदी बढती मिळवत आणि माणसे गमावत जाणाऱ्या अधिकाऱ्यांची, वर्षानुवर्षे चालणारी आणि वाचकांनी हट्टाने तपासलेली कादंबरीमालिका इंग्रजीत आहे, जर्मन भाषेत आहे, मराठीत रुजली नाही. याचे नेहमीचे स्पष्टीकरण मराठी वाचकाच्या माथी मारले जाते: त्याला विज्ञानाची गोडी नाही, किंवा त्याचा पिंडच युद्धकथेचा नाही. ते स्पष्टीकरण पुराव्यापुढे टिकत नाही. अशा मालिकेला लागणारा वाचक मराठीत तयार आहे. कमी पडली ती मालिका सतत छापून वाचकाच्या हाती देणारी व्यवस्था.

आधी हा प्रकार म्हणजे काय ते पाहू. केवळ अंतराळयानांची मारामारी असली की लष्करी विज्ञानकथा होत नाही. तिच्या केंद्रस्थानी सेना ही संस्था असते: हुकूम कोण देतो, तो किती वेळात पोचतो, दारूगोळा किती उरला आहे, जखमी कुठे न्यायचे, चुकीचा हुकूम आला तर खालच्या अधिकाऱ्याने काय करायचे. या प्रश्नांची उत्तरे एका पुस्तकात मावत नाहीत, म्हणून हा प्रकार आपोआप मालिकेकडे झुकतो. ‘पेरी ऱ्होडान’ हे याचे टोकाचे उदाहरण. के. एच. शेर आणि वाल्टर अर्न्स्टिंग यांनी रचलेल्या या जर्मन मालिकेचा पहिला अंक ८ सप्टेंबर १९६१ रोजी निघाला. पातळ, स्वस्त पुस्तिका, दर आठवड्याला एक. नायक अमेरिकेच्या अंतराळदलातला मेजर. तो चंद्रावर उतरतो आणि त्याला तिथे परग्रहवासीयांचे यान सापडते. सुरुवातीचा बेत काही डझन अंकांचा होता. २०१९ साली तिचा तीन हजारावा अंक निघाला. मूळ लेखक हयात नसतानाही ती चालू राहिली, कारण एक जण कथेचा आराखडा आखतो आणि लेखकांचा गट त्याबरहुकूम भाग लिहितो, अशी तिची घडी बसली होती. त्या घडीत वाचकांच्या पत्रांनाही जागा होती. अंकात छापून येणाऱ्या या पत्रांतून वाचक विसंगती दाखवत, पात्रांच्या बाजूने किंवा विरुद्ध भांडत, आणि पुढच्या आठवड्यात नवा अंक आला की पुन्हा सरसावत.

वाचकांच्या या भांडणांना काय बळ असते, हे डेव्हिड वेबर यांच्या ऑनर हॅरिंग्टन मालिकेवरून कळते. तिचे पहिले पुस्तक ‘ऑन बॅसिलिस्क स्टेशन’ १९९३चे. सी. एस. फॉरेस्टर यांनी १९३७पासून लिहिलेल्या होरेशिओ हॉर्नब्लोअर या शिडाच्या जहाजांवरील अधिकाऱ्याच्या कथांचा वारसा वेबर उघडपणे सांगतात. नायिकेच्या नावाची आद्याक्षरेही तीच ठेवली आहेत. या मालिकेतल्या नौकांची लांबी, रुंदी आणि वजन पुस्तकांत दिलेले असते. चाहत्यांनी हे आकडे पडताळले, तेव्हा नौका युद्धनौकेला न शोभण्याइतक्या विरळ निघाल्या. गणित सोपे आहे. नौकेची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली की तिचे घनफळ आठपट होते. वजन मात्र लेखकाने मनाने ठरवले असेल, तर घनता झपाट्याने घसरते. पोलादी भिंतींची, तोफांनी ठासलेली महानौका कागदावर धुरासारखी पोकळ ठरते. अखेर लेखकाने हिशोब मान्य केला आणि नौकांची मापे सुधारून घेतली. कादंबरीकाराने वाचकांच्या गणितापुढे मान तुकवावी, ही घटना गमतीची वाटली तरी तिचा अर्थ गंभीर आहे. या प्रकारात वाचक हा कथेचा लेखापरीक्षक असतो. लेखक आपल्या विश्वाचे नियम पहिल्या पुस्तकात जाहीर करतो आणि मग विसाव्या पुस्तकातही ते पाळले की नाही, हे वाचक तपासतो. कर्नल मरणार की जगणार, याची धाकधूक त्यामुळेच खरी वाटते. नियम मोडून त्याला वाचवण्याची मुभा लेखकाने स्वतःला ठेवलेली नसते.

या नियमांपैकी सर्वांत कडक नियम प्रकाशाचा. ‘मंगळयान’ २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा तिथून निघालेला संदेश पृथ्वीवर पोचायला बारा मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. यानाचे मुख्य इंजिन सुमारे २४ मिनिटे पेटवायचे होते. काही बिघडले असते तर त्याची खबर बंगळुरूला पोचून दुरुस्तीचा हुकूम परत जाईपर्यंत ती २४ मिनिटे सरून गेली असती. म्हणून सगळे हुकूम आधीच यानाच्या संगणकात भरून ठेवले होते आणि निर्णायक क्षणी पृथ्वीवरचे शास्त्रज्ञ केवळ साक्षीदार होते. आता यानाच्या जागी ताफा कल्पा आणि मंगळाच्या जागी शत्रू. सेनापतीला पडद्यावर दिसते ती शत्रूची काही मिनिटांपूर्वीची जागा. त्याचा हुकूम पोचेल तेव्हा परिस्थिती पुन्हा बदललेली असेल. त्यामुळे लढाईचे यश हाताखालच्या कप्तानाला किती मोकळीक दिली आहे यावर ठरते, आणि दूरच्या राजधानीचे आदेश तंतोतंत पाळणारा अधिकारी कधी कधी सर्वांत धोकादायक ठरतो. लष्करी विज्ञानकथेचे चाहते ज्यावर सर्वाधिक वाद घालतात तो हा मुद्दा: कोणाला काय माहीत होते आणि ते केव्हा माहीत झाले.

मराठी वाचकाला हा वाद परका नाही. तो हाच वाद पानिपतावर घालत आला आहे. १७६०च्या ऑक्टोबरअखेर अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो सदाशिवरावभाऊंचे सैन्य व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. त्यानंतरचे सुमारे अडीच महिने ही लढाई मुख्यतः धान्य, वैरण आणि पैसा यांची होती. दोआबात शत्रूची रसद तोडण्याची आणि मराठ्यांना ती पुरवण्याची जबाबदारी असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौज मैदानात उतरली. मदत घेऊन उत्तरेकडे निघालेले नानासाहेब पेशवे माळव्यात भिलशाच्या परिसरात होते. पराभवाची बातमी त्यांना मिळाली तेव्हा लढाई होऊन दिवस उलटले होते. दख्खनेतून हुकूम जायचे, उत्तरेतून वृत्तांत यायचा, आणि दोन्ही वाटेतच शिळे व्हायचे. भाऊंनी बुणगे आणि यात्रेकरू सोबत घ्यायला हवे होते का? इब्राहीमखान गारद्याच्या तोफखान्याभोवती रचलेली गोलाची लढाई घोडदळाच्या सवयीच्या सरदारांना झेपणारी होती का? यमुनेचे उतार राखायला किती माणसे हवी होती? त्र्यं. शं. शेजवलकरांनी पानिपताचा अभ्यास करताना हेच पुरवठ्याचे आणि हालचालींचे प्रश्न सोडवले, आणि विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ साली आल्यानंतर सामान्य वाचकही तेच प्रश्न घेऊन भांडू लागला. तारखा जुळवायच्या, अंतरे मोजायची, एका दिवसात किती कोस मजल होऊ शकते ते काढायचे आणि मग लेखकाला जाब विचारायचा, हे मराठी वाचकाचे जुने व्यसन आहे. नौकांची घनता काढणारा चाहता आणि यमुनेचे उतार मोजणारा वाचक एकाच जातकुळीचे.

समुद्राकडे वळले तर साम्य आणखी ठळक होते. वेबर यांच्या नौकांभोवती गुरुत्वाकर्षणाचे असे आवरण असते की वरून आणि खालून त्यांना शस्त्र लागत नाही. दोन्ही कुशींना दुय्यम संरक्षण असते आणि नाळ व पिछाडी उघडी राहते. हा काल्पनिक नियम मुद्दाम रचलेला आहे. त्यामुळे अंतराळातही नौकांना शिडाच्या जहाजांप्रमाणे कुशीला कूस लावून तोफांचा मारा करावा लागतो, आणि शत्रूच्या पिछाडीला जो पोचेल तो जिंकतो. इंग्रज वाचकाला यात आपला नौसेनापती नेल्सन आठवतो. कोकणच्या वाचकाला कान्होजी आंग्रे आठवायला हरकत नाही. कुलाबा आणि विजयदुर्ग या ठाण्यांतून वावरणाऱ्या आंग्र्यांच्या आरमारात गुराबा आणि गलबते असत. गलबत हलके, उथळ पाण्यात जाणारे आणि वल्ह्यांवरही चालणारे. वारा पडला की मोठे युरोपीय जहाज जागच्या जागी अडकायचे. त्याच्या तोफा कुशींना, त्यामुळे पिछाडीकडून येणाऱ्याला त्यांचा उपद्रव कमी. आंग्र्यांची जहाजे नेमक्या त्याच बाजूने चढाई करत, तोफांनी डोलकाठ्या आणि शिडे निकामी करत आणि मग माणसे शत्रूच्या डेकवर उतरवत. १७२९ साली कान्होजी वारले तोवर मुंबईकर इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज यांना या युद्धतंत्राने पुरते जेरीस आणले होते. वेबर यांनी आपल्या भाषेतल्या आवडत्या आरमारकथेतून अंतराळयुद्धाची भूमिती काढली. तशीच भूमिती मराठीत आयती पडून आहे, आणि तिचे नियम वेगळे असल्यामुळे तिच्यातून निघणारी मालिका नक्कल ठरणार नाही. वाऱ्यावर विसंबलेली अजस्र नौका आणि वल्ह्यांवर चालणारी चपळ नौका, या जोडीला अंतराळातले प्रतिरूप देणे कल्पक लेखकाला जड नाही.

मग मालिका का निर्माण झाली नाही? मराठीत लांब मालिकांची परंपरा नव्हती असे म्हणावे, तर बाबूराव अर्नाळकर आडवे येतात. झुंजार, काळापहाड आणि धनंजय यांच्या करामतींची त्यांची पुस्तके हजाराच्या वर आहेत. पुढे १९७०च्या दशकात गोव्याचे गुरुनाथ नाईक आले. त्यांच्याही कादंबऱ्या हजाराच्या वर गेल्या, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे त्यांच्या लोकप्रिय नायकांत कॅप्टन दीप आणि मेजर अविनाश भोसले होते. १९७१चे युद्ध ताजे असताना गणवेशातला नायक मराठी वाचकाने दरमहा विकत किंवा भाड्याने घेऊन वाचला. स्टेशनवरचे पुस्तकांचे स्टॉल आणि गल्लोगल्लीची खाजगी वाचनालये हे या पुस्तकांचे रस्ते होते. किंमत कमी, पाने ठराविक, नायक तोच आणि पुढचे पुस्तक नक्की येणार याची खात्री. पेरी ऱ्होडान ज्या चाकांवर धावला तीच ही चाके. फरक एवढाच की कॅप्टन दीपच्या जगाला मोजता येतील असे नियम नव्हते. त्याचे सुटणे लेखकाच्या चतुराईवर अवलंबून असे. त्यामुळे वाचक कथेवर लुब्ध झाला, पण तिचा हिशोब तपासायला बसला नाही.

नियम होते ते दुसऱ्या कपाटात. मराठी विज्ञानकथा वाढली ती स्पर्धा, मासिके आणि दिवाळी अंक यांच्या आधाराने. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखक म्हणून नाव होते नारायण विनायक जगताप. ते जयंत विष्णू नारळीकर असल्याचे नंतर कळले. नारळीकरांबरोबर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी या प्रकाराला वजन दिले, आणि २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे जाण्यापर्यंत त्याची प्रतिष्ठा पोचली. पण ज्या व्यवस्थेने विज्ञानकथेला प्रतिष्ठा दिली, तिनेच तिचा आकारही ठरवून टाकला. स्पर्धेला लागते ती स्वयंपूर्ण कथा. दिवाळी अंक वर्षातून एकदा येतो आणि त्यालाही नवी, पूर्ण कथा हवी असते. गेल्या दिवाळीतली पात्रे पुढे चालवण्याला तिथे वाव नाही. एका कल्पनेची एक कथा, शेवटी एक धक्का आणि विश्व मिटले, हा साचा त्यातून घडला. उत्तम कथा या साच्यातून निघाल्या, पण चाहत्यांनी वीस वर्षे राहावे असे घर त्यात उभे राहणार नव्हते. निरंजन घाट्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या आणि युद्धकथाही. दोन्ही विषय एकाच लेखकाच्या हाती असूनही ते वेगळ्या पुस्तकांत राहिले, यावरून भिंत लेखकाच्या मनात नव्हती, बाजाराच्या मांडणीत होती, असे म्हणता येते. मालिका चालवणाऱ्या प्रकाशकाला विज्ञान नको होते आणि विज्ञान छापणाऱ्या संपादकाला मालिका परवडत नव्हती. दूरदर्शनच्या मालिका घराघरात पोचल्या आणि दरमहाच्या पुस्तकांची वाचनालये ओसरू लागली, तेव्हा दोघांना एकत्र आणण्याची वेळही निघून गेली.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की हे घडले नाही ते बरेच झाले. विज्ञानकथेचा उद्देश वैज्ञानिक दृष्टी रुजवणे हा आहे आणि युद्धाचे कौतुक करणारी मालिका त्या उद्देशाच्या मुळावर येईल. धोका काल्पनिक नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस खुद्द जर्मनीत पेरी ऱ्होडानवर लष्करशाहीचे आकर्षण वाढवत असल्याची टीका झाली होती. परंतु या प्रकाराने युद्धाविरुद्धचा आपला सर्वांत बोचरा ग्रंथही स्वतःच दिला आहे. व्हिएतनामच्या युद्धात जखमी होऊन परतलेल्या जो हाल्डमन यांची ‘द फॉरेव्हर वॉर’ १९७४ साली आली. तिच्यातले सैनिक प्रकाशाच्या जवळपास वेगाने प्रवास करतात, म्हणून त्यांच्या काही महिन्यांच्या मोहिमेत पृथ्वीवर दशके आणि मग शतके उलटतात. ते घरी येतात तेव्हा घर उरलेले नसते. सापेक्षता सिद्धान्तातले काळाचे प्रसरण इथे सैनिकाच्या परकेपणाचे नेमके माप होते. भौतिकशास्त्र काढून घेतले तर त्या दुःखाला आधार उरत नाही. वैज्ञानिक दृष्टी रुजवण्याचे याहून प्रभावी साधन कोणते? शिवाय जी कथा प्रत्येक गोळीचा, प्रत्येक पोत्याचा आणि प्रत्येक मृताचा हिशोब मांडते, तिला युद्ध स्वस्त दाखवणे अवघड जाते. युद्ध रोमहर्षक वाटते ते हिशोब लपवल्यावर.

दुसरा आक्षेप वाङ्मयीन आहे: घनता आणि अंतरे मोजत बसणारा वाचक साहित्याचा रसिक नव्हे, आणि त्याच्यासाठी लिहिणारा लेखक कोष्टके लिहू लागतो. काही अंशी हे खरेही आहे. वेबर यांच्याच नंतरच्या पुस्तकांत क्षेपणास्त्रांच्या संख्या आणि बैठकांतली संभाषणे पानेच्या पाने खातात, अशी तक्रार त्यांचे निष्ठावान चाहतेही करतात. पण ही तक्रार चाहत्यांच्या चर्चेतूनच पुढे आली आहे, हे विसरू नये. जी मंडळी घनता तपासतात तीच लांबणही पकडतात. एखाद्या पात्राचा मृत्यू फुकट घालवला, एखाद्या अधिकाऱ्याच्या अपराधभावाचा धागा मध्येच सुटला, हेही त्यांच्याच लक्षात येते, कारण पहिल्या पुस्तकापासूनचे सगळे तपशील त्यांच्या डोक्यात असतात. समीक्षक बहुधा एका पुस्तकाचा न्याय करतो. पंधरा पुस्तकांवर पसरलेल्या माणसाच्या आयुष्याचा न्याय मालिकेचा चाहताच करू शकतो.

राहिला शेवटचा, व्यवहारातला आक्षेप: घाटकोपरमधला आजचा तरुण असली पुस्तके इंग्रजीत वाचतो किंवा पडद्यावर पाहतो, मग मराठीत त्यांची गरज काय? गरज आहे ती युद्धाच्या दुसऱ्या अनुभवाची. इंग्रजी मालिकांतले आरमार नेल्सनच्या वंशातले असते. लहान बेटाने मोठे साम्राज्य उभारल्याची ती गोष्ट असते. आंग्र्यांचे आरमार किनारा राखणाऱ्याचे होते, त्याच्यापुढे कायम मोठ्या नौकांचे परके शत्रू होते आणि त्याच्या पाठीशी असलेल्या सत्तेत फूट होती. १७५६ साली विजयदुर्गापाशी आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा इंग्रजांच्या जोडीला खुद्द पेशव्यांची फौज होती. आपल्याच राजधानीने आपले आरमार बुडवण्यात हात दिला, या प्रसंगावर ताऱ्यांमधली दहा पुस्तके उभी राहू शकतात आणि ती नेल्सनच्या वारसदाराला सुचणारी नाहीत. छपाईची जुनी अडचणही आता तशी उरलेली नाही. मराठी ध्वनिपुस्तके आणि ध्वनिमालिका ऐकणारा वर्ग तयार झाला आहे आणि भागाभागाने कथा देणे त्या माध्यमाच्या सोयीचेच आहे. काम उरते ते लेखकांच्या गटाचे: पहिला भाग लिहिण्याआधी विश्वाचे नियम कागदावर मांडायचे, वेग, अंतरे आणि पुरवठा यांचे कोष्टक बनवायचे, ते वाचकांपुढे उघड करायचे आणि चूक दाखवणाऱ्याला उत्तर देण्याची जागा प्रत्येक भागात राखायची. वाचक शोधत फिरावे लागणार नाही; पानिपतच्या रसदीचा हिशोब तो पिढ्यान्‌पिढ्या मांडतोच आहे. त्याला पुढचा भाग कधी येणार, हे मात्र खात्रीने सांगता आले पाहिजे.